वाचक विचारतात : ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो

फोन, टॅब किंवा हातातला गेम टीव्हीला जोडला की आवाज आणि चित्राची फारकत होते, अशा तक्रारी ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी कळवल्या आहेत. त्या या वेळी एकत्र घेतल्या आहेत. उत्तरं वाचण्याआधी घरी दोन गोष्टी पाहून ठेवा. आवाज चित्राच्या पुढे पळतोय की मागे पडतोय? आणि हा फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो की वाढत जातो? अर्धं निदान तिथेच होतं.

प्रश्न : फोनचं मिररिंग करून टीव्हीवर मालिका बघतो. टीव्हीला ब्लूटूथने साउंडबार जोडलाय. ओठ मिटतात आणि शेवटचा शब्द मागून ऐकू येतो. हाच साउंडबार थेट फोनला जोडला तर सगळं जुळतं. मग बिघाड टीव्हीत आहे का? (नौपाडा, ठाणे)

बिघाड कशातच नाही, जोडणीचा शेवटचा टप्पा चुकलाय.

मिररिंगमध्ये फोन स्वतःचा पडदा सतत टिपतो, दाबून लहान करतो, वाय-फायवरून पाठवतो आणि टीव्ही तो पुन्हा उलगडतो. यात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. पण इथवर आवाज आणि चित्र एकाच गाडीने येतात, दोघांवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे उशीर झाला तरी दोघांना सारखाच होतो. फोनवर बोट टेकवल्यानंतर टीव्हीवर काही हलायला क्षणभर लागतो तो हा उशीर. मालिका बघणाऱ्याला त्याचा काहीच त्रास नाही.

फारकत होते ती यापुढे. टीव्ही चित्र दाखवून मोकळा होतो. आवाज मात्र पुन्हा एकदा दाबून ब्लूटूथने साउंडबारकडे धाडतो. साध्या एसबीसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबायची पद्धत) या फेरीला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. फोनला साउंडबार जोडता तेव्हाही एवढाच वेळ लागतो, फक्त फोन तो हिशेबात धरतो. ब्लूटूथवर किती उशीर होणार हे व्हिडिओ अ‍ॅपला कळतं आणि ते चित्र तेवढं रोखून धरतं. बरेच टीव्ही हे करत नाहीत, किंवा अंदाजाने करतात आणि चुकतात.

खात्रीसाठी साउंडबार तोडून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर तोच प्रसंग लावा. आवाज जुळला तर वरचं निदान पक्कं. नाही जुळला तर आधी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, मग दुसरा व्हिडिओ लावून बघा. कधी कधी मूळ व्हिडिओच तसा अपलोड झालेला असतो.

इलाज वायरीचा. साउंडबारला एचडीएमआय असेल तर टीव्हीच्या त्याच पोर्टमध्ये जोडा ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी छापलंय, म्हणजे ज्यातून टीव्ही स्वतःचा आवाज बाहेर पाठवतो. चार पोर्ट असले तरी हा बहुधा एकच असतो आणि नेमका भिंतीच्या बाजूला असतो. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना इशारे द्यायची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीत सिम्प्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या आवाजावर, ठेवा. डॉल्बी किंवा बिटस्ट्रीमवर आवाजाची एकीकडे बांधाबांध आणि दुसरीकडे सोडासोड होते आणि त्यात आणखी काही मिलिसेकंद जातात. दोन स्पीकरच्या साध्या साउंडबारला त्याचा फायदाही नाही. एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल वायर लावा, पीसीएमचा नियम तोच.

साउंडबारच्या रिमोटवर 'ऑडिओ डिले' किंवा 'सिंक' बटण दिसलं की ते दाबून बघायचा मोह होतो. तुमच्या बाबतीत त्याने दुखणं वाढेल. ते बटण आवाज मागे ढकलतं, आणि तुमचा आवाज आधीच मागे आहे. ते शून्यावर ठेवा.

फरक नेमका किती, हे मोजताही येतं. स्वतःच्या टाळीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, कॅमेरा मीटरभर अंतरावर, तळवे स्पष्ट दिसतील असे. तो टीव्हीवर लावा आणि दुसऱ्या फोनने, टीव्हीच्या जवळ उभं राहून, सेकंदाला ६० फ्रेमवर पडद्याचं चित्रीकरण करा. ही क्लिप आवाजाची लहर दाखवणाऱ्या कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवा. तळवे टेकतात ती फ्रेम, आणि लहर काट्यासारखी उभी राहते ती फ्रेम, यांच्या मधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. बारा फ्रेम निघाल्या तर फरक २०० चा. तीन टाळ्या मोजून सरासरी घ्या, कारण एखादी फ्रेम इकडेतिकडे होतेच.

जाता जाता : मालिका अ‍ॅपमधली असेल तर मिररिंग सोडा आणि अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबा. मग फोन नुसता रिमोट उरतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. ब्लूटूथचा उशीर त्याने जात नाही, पण चित्र अडखळणं थांबतं. इमारतीत प्रत्येक घरात राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं. टीव्ही आणि फोन दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, सोन्याचा मुलामा असलेली महागडी एचडीएमआय केबल घ्या, सिंक सुधारेल. खरं का? (ऐरोली)

नाही. केबलमधून सिग्नल मीटरला काही नॅनोसेकंदांत जातो. केबल खराब असेल तर चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. आवाज मागे पडत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर क्रिकेटची मॅच लावतो. लॅपटॉपमधून एचडीएमआय प्रोजेक्टरला, आणि हेडफोनच्या भोकातून वायर मिक्सरला. बॅट चेंडूला लागायच्या आधीच 'टक्' ऐकू येतं. (खारघर)

तुमचा रोग पहिल्या पत्राच्या नेमका उलटा आहे. हेडफोनच्या वायरीतून आवाज जवळजवळ तत्क्षणी मिक्सरला पोहोचतो. चित्र मात्र प्रोजेक्टरमध्ये थांबतं : तो रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायला कीस्टोन लावला असेल तर काही प्रोजेक्टरवर त्यालाही वेळ जातो. सगळं मिळून १०० मिलिसेकंदांचा फरक पडणं नवलाचं नाही.

आणि हा फरक कानाला फार टोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या बीटी.१३५९ या शिफारशीत आकडे आहेत : आवाज मागे असेल तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही, पण पुढे असेल तर ४५ लाच खटकतो. कारण उघड आहे. निसर्गात आवाज नेहमी उशिरानेच येतो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळपट्टीपासून ७० मीटरवर बसलात तर बॅटचा आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने मागून येतो आणि कुणी तक्रार करत नाही. फटक्याच्या आधी आवाज मात्र जन्मात कुणी ऐकलेला नसतो.

आधी चित्राला होणारा उशीर कमी करा. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा, कीस्टोन शून्यावर आणा. पिक्चर मोडमध्ये गेम किंवा फास्ट असा पर्याय असेल तर तो लावा. रंग थोडे फिके दिसतील, चालवून घ्या. एवढ्यावर काम भागतं असा आमचा अनुभव नेहमीचा.

तरी फरक उरला तर प्रोजेक्टरच्या मागे ऑडिओ आउटचं भोक आहे का बघा. तिथून मिक्सरला वायर घ्या आणि लॅपटॉपमध्ये आवाजाचं आउटपुट एचडीएमआयवर करा. काही प्रोजेक्टर तिथला आवाज चित्राइतकाच थांबवून सोडतात, काही नाही सोडत, लावूनच कळेल. वायर लांब पडेल, ती विजेच्या केबलला समांतर नेऊ नका, नाहीतर गुणगुण सुरू होईल.

मिक्सर डिजिटल असेल तर काम सोपं : आउटपुटच्या चॅनेलवर मिलिसेकंदांत डिले देता येतो. साध्या ॲनालॉग मिक्सरवर ती सोय नसते. त्यावरचा 'इको' किंवा 'डिले' वेगळा, तो आवाजाची पुनरावृत्ती करतो. तो फिरवून समालोचकाला विहिरीत ढकलू नका.

डिले किती द्यायचा ते पहिल्या रांगेत बसून ठरवू नका. हॉलमध्ये स्पीकरपासून दर मीटरला आवाज जवळपास ३ मिलिसेकंद खातो. अठरा मीटर लांब हॉलमध्ये शेवटच्या रांगेला तो मुळातच पन्नासेक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मधल्या रांगेत बसून जुळवा. तिथे जुळला की पुढच्यांना किंचित लवकर आणि मागच्यांना किंचित उशिरा येईल, पण दोघांनाही जाणवणार नाही.

गणपतीत फाइलवरून सिनेमा दाखवणार असाल तर यातलं काहीच नको. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावा, कीबोर्डवर के दाबला की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, जे दाबला की ५० पुढे येतो. फाइल समोर असल्यामुळे प्लेअर पुढचा आवाज आधीच वाचू शकतो, म्हणून इथे दोन्ही दिशा शक्य आहेत. चालू सामन्यात पुढचा आवाज अजून जन्मालाच आलेला नसतो.

प्रश्न : वायरने जोडावं म्हणून यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल आणली. फोन चार्ज होतोय, टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'. केबल बदलून झाली. (कोपरखैरणे)

यूएसबी-सी हा फक्त भोकाचा आकार. त्यातून चित्र बाहेर येईल की नाही हे फोनच्या आतल्या जोडणीवर ठरतं, आणि त्या सोयीचं नाव डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड. मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत यूएसबी २.० एवढंच लिहिलं असेल तर आशा सोडा. (आयफोन १५ याला अपवाद : त्याचं पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचं, तरी चित्र देतं.) सॅमसंगच्या एस मालिकेत एस-८ पासून ही सोय आहे. तुमच्या फोनमध्ये नसेल तर कुठलीही केबल ती आणू शकत नाही. केबल परत करा आणि कास्टिंगवर समाधान माना.

बाजारात अ‍ॅप टाकून चालणारे अ‍ॅडॉप्टरही मिळतात. ते पडदा दाबून यूएसबीच्या साध्या वायरीतून पाठवतात, म्हणजे शेवटी मिररिंगच, फक्त वायरीतून. आम्ही घेणार नाही.

आणखी एक लक्षण याच जोडणीत दिसतं : आवाज येतो, मेनू दिसतो, पण पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपचा व्हिडिओ लावला की पडदा काळा. ती सिंकची भानगड नसून एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाची आहे. स्वस्त अ‍ॅडॉप्टर तिथे नापास होतो. आणि चित्र टीव्हीवर पण आवाज टीव्हीवर नाही, असं झालं तर कानातले ब्लूटूथ इअरबड्स डबीबाहेर राहिलेत का ते आधी बघा.

प्रश्न : मुलाचा निन्टेन्डो स्विच हा हातातला गेम डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) ठेवून टीव्हीवर खेळतो. हातात धरून खेळताना ठीक, टीव्हीवर उडी मारायचं बटण दाबलं की बाहुलं उशिरा उडतं. ब्लूटूथ हेडफोन लावला तर उडीचा आवाज त्याहून उशिरा. (घोडबंदर रोड, ठाणे)

दोन वेगळे उशीर एकावर एक बसलेत.

पहिला टीव्हीचा. सिनेमा छान दिसावा म्हणून टीव्ही काही फ्रेम साठवून त्यांच्यावर प्रक्रिया करतो. सिनेमाला ते चालतं, कारण आवाजही तेवढाच थांबवता येतो. खेळात थांबवणार कुणाला? मुलाच्या अंगठ्याला? ज्या एचडीएमआय पोर्टला डॉक जोडलाय त्या पोर्टवर जाऊन गेम मोड हाताने चालू करा. अनेक टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक पोर्टचं वेगळं असतं, त्यामुळे सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर लावलेला गेम मोड इथे उपयोगाचा नाही. नव्या टीव्हींमध्ये एएलएलएम नावाची सोय गेम मोड आपोआप लावते, पण त्यासाठी कन्सोलनेही इशारा द्यावा लागतो आणि जुना स्विच तो देत नाही. चांगल्या टीव्हीवर या एका बदलाने १०० च्या आसपासचा उशीर १० ते २० मिलिसेकंदांवर येतो.

दुसरा उशीर ब्लूटूथचा. स्विचला ब्लूटूथ आवाजाची सोय सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने मिळाली. पण फोनवरचं व्हिडिओ अ‍ॅप जशी चित्र रोखण्याची युक्ती करतं, ती खेळात करता येत नाही. पुढची फ्रेम मुलगा काय दाबतो त्यावर ठरते. इथे वायरवाला हेडफोनच. तालावर बटणं दाबायचे खेळ असतील तर त्यांच्या सेटिंगमध्ये बहुधा आवाजाचा ऑफसेट जुळवायची चाचणी असते, ती गेम मोड लावल्यावर पुन्हा करून घ्या.

प्रश्न : आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा स्पीकर आणि त्यांचा ब्लूटूथ हेडफोन दोन्ही एकदम चालू ठेवतो. त्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. (कळवा)

स्पीकरचा आवाज आधी, ब्लूटूथचा मागून, म्हणून. टीव्हीच्या सेटिंगने हे सहसा सुटत नाही. स्वतःच्या ट्रान्समीटरच्या डबीसह मिळणारे टीव्हीसाठीचे वायरलेस हेडफोन घ्या. डबी टीव्हीच्या हेडफोन भोकात किंवा ऑप्टिकलमध्ये लागते. हेडफोनची पिन खुपसल्यावर अनेक टीव्हींचा स्पीकर बंद होतो, म्हणून ऑप्टिकलवालं मॉडेल बरं. ब्लूटूथच हवं असेल तर एपीटीएक्स लो लेटन्सी (कमी उशिराचा कोडेक) लिहिलेलं घ्या, उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण ते ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांवर लिहिलेलं हवं. एकावरच असेल तर जोडी गुपचूप एसबीसीवर उतरते.

प्रश्न : मुंजीची जुनी हाय-एट कॅसेट हँडीकॅमवरून यूएसबी डाँगलने कॉम्प्युटरवर घेतली. टीव्हीवर लावली तर सुरुवातीला आवाज बरोबर, तासाभराने तीन सेकंद मागे. थेट हँडीकॅम टीव्हीला जोडला तर फरक नाही. (वाशी)

वाढत जाणारा फरक हा वेगळाच प्राणी. वरचा एकही इलाज इथे चालणार नाही, व्हीएलसीतला के-जेही नाही, कारण सुरुवात जुळवली की शेवट बिघडेल.

आपल्याकडची टेप पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो, डाँगलला मधली एखादी फ्रेम नीट मिळत नाही आणि तो ती टाकून देतो. आवाजाचा मात्र कण न् कण जमा होतो. तासाच्या ९०,००० फ्रेमपैकी ७५ जरी गळल्या तरी चित्र तीन सेकंदांनी आखूड होतं आणि आवाज मागे राहतो. तुमचा आकडा नेमका हाच आहे.

आता १०, ३० आणि ५० व्या मिनिटाला फरक मोजा. तो टप्प्याटप्प्याने उडी मारत असेल तर गळती टेपच्या खराब जागी झाली आहे. एडिटिंगमध्ये त्या त्या जागी आवाज कापून सरकवा. मंगलाष्टकांच्या टाळ्या जुळवायला उत्तम. फरक एकसारखा वाढत असेल तर डाँगलच्या आवाजाचं आणि चित्राचं घड्याळ जुळत नाही. मग आवाज वेगळा काढा, ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये 'चेंज टेम्पो' उघडा आणि लांबीच्या रकान्यात ३६०० च्या जागी ३५९७ लिहा. एवढ्याशा बदलाने भटजींचा सूर बदलत नाही.

टेप अजून चालते आहे तर पुन्हा घेणंच शहाणपणाचं. आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, कॉम्प्युटरवर दुसरं काही चालवू नका, एकदम तासभर न घेता पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे घ्या. त्याहून चांगली वाट म्हणजे कुणाकडे डिजिटल-एट हँडीकॅम मिळाला तर त्याची काही मॉडेल हाय-एटची कॅसेट वाचतात आणि आय-लिंक या डिजिटल वायरीतून आवाज-चित्र एकत्र बांधून देतात. टीव्हीवर बघायला पिवळी-पांढरी-लाल वायर वापरताना एक सांभाळा : हँडीकॅमच्या चार कड्यांच्या पिनेत कुठल्या कडीला काय, हे सगळ्या कंपन्यांत सारखं नसतं. दुसऱ्या कॅमेऱ्याची वायर लावून चित्र आलं नाही आणि नुसती घरघर आली, तर कॅमेरा गेला असं समजण्याआधी लाल किंवा पांढरी पिन पिवळ्या भोकात घालून बघा.